अपक्षाला बसवताना

प्रेमराज : ...म्हणजे तुला फार काही करायचं नाही. चांगली साडी नेसायची, माझ्या मागे गाडीवर बसायचं, तहसीलला जायचं, अर्ज मागे घेतला म्हणून सही करायची आणि घरी यायचं. तीन वाजेपर्यंत मुदत आहे.

कोकिळा : आणि कालपर्यंत काय करायचं होतं मला?

प्रेमराज : काल परिस्थिती वेगळी होती.

कोकिळा : काल संध्याकाळी परिस्थितीला कुणीतरी भरीत खायला घातलं वाटतं. तुमच्या शर्टाला अजून कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या धुराचा वास येतोय.

प्रेमराज : अभिमनच्या मळ्यात बैठक होती. थंडीच्या दिवसांत बैठक म्हटली की वांगी भाजली जाणारच. त्यात गैर काय?

भिकुबाई : कळण्यानी भाकर व्हती का रे, पेमा?

प्रेमराज : होती, माय. मी इथे वेगळ्या विषयावर बोलतोय.

भिकुबाई : मी बी त्याच विषयवर बोली ऱ्हायनू. भरीत खाईसन उठेल मानूस कोनलेच नई म्हनत नई. तुना बापनी एक बैल असाच ईकी टाका व्हता.

प्रेमराज : कोकिळा, नीट ऐक. स्वतः धुळ्याचे साहेब आले होते. सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, प्रेमराज, घरातलं भांडण चव्हाट्यावर नको. वहिनींचा अर्ज मागे घे, निवडणूक झाली की तुला नगरपंचायतीत स्वीकृत सदस्य करतो. स्वीकृत म्हणजे निवडून न येता. मतं मागायला नको, दारोदार फिरायला नको.

कोकिळा : छान आहे. मग निवडणूक घेतात तरी कशाला?

प्रेमराज : तुला थट्टा सुचते. इतकी वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचलल्या मी. केस पांढरे झाले.

कोकिळा : ते मी कधी नाकारलं? सतरंज्या तुम्ही उचलल्या आणि वॉर्ड बायकांसाठी राखीव झाल्यावर तिकीट दिलं पारसशेठच्या सुनेला. ते चुकलंच त्यांचं. त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हता. मला वाईट वाटलं होतं.

प्रेमराज : मग?

कोकिळा : मग काय. दुसऱ्या दिवशी चौकात उभं राहून तुम्ही भाषण केलंत. आम्ही लाचार नाही, माझी पत्नी स्वतंत्र विचारांची आहे, ती स्वतंत्र उभी राहील. मी त्या वेळी घरात गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हुक लावत होते. मी स्वतंत्र उभी राहणार आहे, हे मला तुमच्या पक्षातल्या झुलालभाऊंच्या बायकोकडून कळलं. ती फॉल-पिकोची साडी घ्यायला आली होती.

प्रेमराज : घाईघाईत सांगायचं राहिलं.

कोकिळा : माझे विचार होते ना ते. मला कळवायला हवे होते.

भिकुबाई : तिले ते ईचाराले पाहिजे व्हतं, पेमा.

प्रेमराज : माय, तू मध्ये बोलू नको. तुला अपक्ष म्हणजे काय हेच माहीत नाही. तुझ्यामुळे अर्धा घोटाळा झालाय.

भिकुबाई : माले माहीत शे. अपक्ष म्हनजे आपला पक्ष. आखूड करीसन सांगतस.

प्रेमराज : बघ. हेच ती गल्लीभर सांगत सुटलीय. काल भरताच्या पंगतीत लोक हसत होते मला. म्हणे, प्रेमराजच्या आईनं नवीन पक्ष काढला. कुणाला तरी तिनं सांगितलं, बाकीचा बठ्ठा पक्ष त्यास्ना, हाऊ आपला.

भिकुबाई : चुकनं का काही?

कोकिळा : नाही, आई. व्याकरण चुकलं असेल.

प्रेमराज : तू तिला वर चढवू नको. अपक्ष म्हणजे ज्याला पक्ष नाही तो. ज्याच्या मागे कुणी नाही. स्वतंत्र.

कोकिळा : हा शब्द तुम्ही फार मोकळ्या हाताने वापरता. माझ्या माहेरी तुमचा बायोडाटा आला होता तेव्हाही त्यात होता. 'मुलाचा स्वतंत्र व्यवसाय'. माझ्या वडिलांनी चौकशी केली, कोणता व्यवसाय? तुमचे काका म्हणाले, स्वतंत्र आहे, म्हणजे कुणाच्या हाताखाली नाही. लग्नानंतर कळलं, हाताखाली नव्हता हे खरं. हाताशीही काही नव्हतं.

प्रेमराज : जुन्या गोष्टी काढू नको.

कोकिळा : नवी काढते. आपली दिपमाला पुण्यात नोकरीला लागली आणि मैत्रिणींबरोबर न राहता एकटीने खोली घेतली, तेव्हा तुम्ही तिच्याशी बोलणं टाकलं होतं. काय म्हणायचात? पोरगी फार स्वतंत्र झाली. तेव्हा ती शिवी होती. आता बायकोच्या पत्रकावर तोच शब्द छापायचा होता, मोठ्या अक्षरात.

भिकुबाई : माले बी स्वतंत्रच करेल शे. मांगेनी पत्रानी खोली दिधी. पाव्हनास्ले सांगतस, आईले स्वतंत्र खोली शे, स्वतंत्र दार शे. दिनभर कोनी तठे डोकाईसन देखत नई, इतली मी स्वतंत्र.

प्रेमराज : माय, तुझ्या सोयीसाठीच ना ते? गुडघे दुखतात तुझे. पुढच्या पायऱ्या नकोत म्हणून.

भिकुबाई : हा, सोयसाठेच. मी कोठे नई सांगी ऱ्हायनू.

प्रेमराज : घड्याळ बघा जरा. अकरा वाजून गेले. कोकिळा, ती अंजिरी साडी नेस. आणि तिथे पत्रकार असतील. कुणी विचारलं तर म्हणायचं, व्यापक हितासाठी.

कोकिळा : कुणाच्या?

प्रेमराज : व्यापक म्हटलं की कुणाच्या ते सांगावं लागत नाही.

कोकिळा : काल तुम्ही परत आलात तेव्हा झुलालभाऊ दारातून तुम्हांला काय म्हणाले, ते मी ऐकलं. म्हणाले, मग वहिनींना बसवायचं नक्की झालं.

प्रेमराज : राजकारणातला शब्द आहे तो. उमेदवारानं माघार घेतली की त्याला बसवला म्हणतात. त्यात वाईट काही नाही.

कोकिळा : वाईट कुठे? मला तर गंमत वाटली. मी या घरात आले तेव्हापासून उभी आहे. सासरे घरात असले की सुनेनं बसायचं नाही, म्हणून उभी. मग ओट्यापाशी उभी. नळाच्या रांगेत उभी. तुमचे कार्यकर्ते यायचे, सगळ्या खुर्च्या त्यांना, मी चहाचा ट्रे घेऊन उभी. इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नाही की बस गं जरा. आणि आज थेट धुळ्याहून निरोप येतो, कोकिळाबाईंना बसवा.

भिकुबाई : खरं शे. मी बी कधी नई सांगं. मनी सासूनी माले बी नई सांगेल व्हतं. सांगतस हाईच माहीत नव्हतं.

प्रेमराज : शब्दाचा कीस काढायचा असेल तर काढा दोघी मिळून. मला एवढंच सांग, तुला निवडणूक लढवायची हौस कधीपासून लागली? मी अर्ज भरायला नेलं तेव्हा रडकुंडीला आली होतीस. माझं कुणी ऐकणार नाही, मला बोलता येत नाही, असं म्हणत होतीस.

कोकिळा : हो. म्हणत होते.

प्रेमराज : मग आता काय झालं?

कोकिळा : छाननी झाली.

प्रेमराज : छाननीत काय झालं? अर्ज मंजूर झाला, संपलं.

कोकिळा : तुमच्यासाठी संपलं. तुम्ही बाहेर फोनवर होता. आत निवडणूक अधिकाऱ्यांनी एकेक नाव पुकारलं. माझं नाव आलं, कोकिळा प्रेमराज शिसोदे, अपक्ष. त्यांनी चष्म्यातून वर बघितलं, मग कागदाकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, वैध. मी घरी येईपर्यंत तेच घोकत होते. माझा स्वयंपाक, माझं शिवणकाम, माझं बोलणं, माझं माहेर, सगळ्यात या घरानं काही ना काही खोट काढली. मला वैध असं कुणी म्हटलं नव्हतं.

प्रेमराज : अगं, ते सगळ्यांनाच म्हणतात. पारसशेठच्या सुनेलाही म्हटलं.

कोकिळा : तिलाही पहिल्यांदाच म्हटलं असेल. ती पण हरखली होती. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो.

प्रेमराज : विरोधी उमेदवाराकडे बघून हसतात का?

कोकिळा : आणि मग मी घरोघर गेले. तुम्हीच पाठवलं होतं. तुम्हांला वाटत होतं, चार दिवस फिरली की पक्ष घाबरेल आणि तोडगा काढेल. ते बरोबर निघालं तुमचं. पण मला कुणी सांगितलं नव्हतं की नुसतं घाबरवायला फिरतेय. मी आपली खरंच फिरत होते.

प्रेमराज : म्हणजे?

कोकिळा : म्हणजे लोकांचं ऐकत होते. ती कुंदाबाई माहीत आहे? आठवडे बाजारात मेथी-पोकळा घेऊन बसते ती. सकाळी घरून निघाली की संध्याकाळी बाजार उठेपर्यंत ती पाणी पीत नाही. उन्हाळ्यातसुद्धा. का, तर पाणी प्यायलं की जायचं कुठे? बाजारात बायकांसाठी आडोसा नाही. पुरुषांना भिंत आहे. तिला दोनदा मुतखड्याचा त्रास झाला. माझं तोंड बघून म्हणाली, अक्का, तुम्ही पण मत घेतल्यावर विसरणार ना? मी म्हटलं, नाही. पहिलं काम तेच.

प्रेमराज : असं आश्वासन द्यायला तुला कुणी सांगितलं?

कोकिळा : कुणीच नाही. म्हणून तर ते माझं.

प्रेमराज : अगं, संडास मी बांधून देईन. स्वीकृत सदस्य झालो की पहिला प्रस्ताव तोच मांडतो. तुझा शब्द मी पाळतो. झालं समाधान?

कोकिळा : तुम्ही बाजारात कधी पाणी न पिता बसला आहात?

प्रेमराज : ते बसायला कशाला लागतं? प्रस्ताव मांडायचा असतो.

भिकुबाई : पेमा, तुले बाजारमा जावानी सवय तरी शे का? पिशवी कोनता हातमा धरतस ते बी तुले माहीत नई.

कोकिळा : आई परवा कुंदाबाईकडे गेल्या होत्या. तिथे बायका जमल्या होत्या. आईंनी सांगितलं, अपक्ष म्हणजे आपला पक्ष. एकीने विचारलं, मग या पक्षाचा नेता कोण? आई म्हणाल्या, नेता नाही, म्हणून तर आपला. मी ऐकलं तेव्हा हसले. दुसऱ्या दिवशी पाणी भरायला गेले, तर मला रांगेत पुढे केलं त्यांनी. मी म्हटलं, असं कशाला? तर म्हणे, आपल्या पक्षाची बाई आहे. आता त्यांना जाऊन सांगू, की तो आपला पक्ष काल वांग्यांबरोबर भाजला?

प्रेमराज : तू मला खलनायक ठरवतेस.

कोकिळा : नाही हो. खलनायकाला एवढं कोण समजावतं?

प्रेमराज : मग मी स्पष्ट सांगतो. तू उभी राहिलीस तर मला पक्षातून काढतील. सहा वर्षांसाठी. मी सकाळी उठून जायचं कुठे? लोक मला काय म्हणून ओळखतील? माझ्याकडे दुसरं काय आहे, कोकिळा?

कोकिळा : हे मघाशीच बोलायचं होतं.

प्रेमराज : काय?

कोकिळा : हेच. व्यापक हित वगैरे न लावता.

प्रेमराज : बोललो आता. मग चल.

कोकिळा : तुम्हांला भीती वाटते, ते मला कळतं. मी तुमच्यावर हसणार नाही. पण तुम्ही रिकामे व्हाल म्हणून मी कुंदाबाईला खोटी पडायची, हे मला जमायचं नाही. मी सही करणार नाही.

प्रेमराज : ही शेवटची भाषा?

कोकिळा : शेवटची कशाला? पहिलीच आहे.

प्रेमराज : मी नवरा आहे तुझा. मी सांगतोय.

कोकिळा : तुम्हीच चौकात सांगितलं होतं, ती स्वतंत्र विचारांची आहे. तुमचा शब्द खाली पडू देऊ का?

भिकुबाई : पेमा, फोन वाजी ऱ्हायना तुना.

प्रेमराज : साहेबांचा आहे. काय सांगू? सांग ना, काय सांगू त्यांना? बायको ऐकत नाही म्हणून सांगू? धुळ्यापर्यंत हसतील लोक. ...ताप आला म्हणू का तुला? दवाखान्यात आहे म्हणू?

कोकिळा : मला ताप नाही.

प्रेमराज : हॅलो... नमस्कार, साहेब, नमस्कार... हो, तीन वाजेपर्यंत, लक्षात आहे... निघालोच होतो आम्ही. पण काय झालं, साहेब, मी रात्रभर विचार केला... नाही, ती तयार होती. ती तर साडी नेसून तयार होती, साहेब. मीच म्हटलं, थांब. म्हटलं, गोरगरीब महिलांना आपण शब्द दिलाय... हो, बाजारातल्या महिलांचा प्रश्न आहे, फार गंभीर आहे, मी स्वतः लक्ष घातलंय... नाही, साहेब, कुणी भडकवलं नाही. माझा मुळात बाणाच स्वतंत्र... हॅलो? ...हॅलो?

कोकिळा : ठेवला?

प्रेमराज : कट झाला. रेंज नसेल तिकडे.

भिकुबाई : तुना बाप, धल्ला बी असाच व्हता. बैल दावं तोडीसन पयना का गावमा सांगे, मीच मोकया सोडा.

प्रेमराज : हसा. दोघी हसा. मी जरा झुलालकडे जाऊन येतो. त्याला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगितलेलं बरं.

कोकिळा : काय सांगाल?

प्रेमराज : सांगेन की मी निर्णय घेतला.

कोकिळा : सांगा. आणि येताना कुंदाबाईच्या घरावरून या. तिला सांगा, अर्ज राहिला. ते मात्र आहे तसंच सांगा, माझं नाव घेऊन.

प्रेमराज : बघतो.

कोकिळा : अहो.

प्रेमराज : आता काय?

कोकिळा : बाजारातल्या बायकांचं बरं बोललात फोनवर. ऐकून एकदम खरं वाटलं.

प्रेमराज : ...दार लावून घे.

भिकुबाई : गया का?

कोकिळा : गेले. हातात चपला घेऊनच गेले, कोपऱ्यावर जाऊन घातल्या. येतील जेवायला. आई, मी जरा मशीन आवरते. दुपारी नळावरच्या बायकांना बोलावते, गल्ल्या वाटून घेऊ. घरातलं माझं एक मत आणि तुमचं एक, एवढी तर आपली पक्की. बाकीची जमवायची.

भिकुबाई : मनं मत कोनी मोजी लिधं?

कोकिळा : म्हणजे?

भिकुबाई : माले ईचारं का तू?

कोकिळा : आई, तुम्ही तर माझ्यासाठी गल्लीभर बोललात.

भिकुबाई : बोलनू. बोलानं येगळं, मत येगळं. पेमानी तुले ईचारं नई, म्हनीसन आते तू कितली बोलनी त्याले. आनी तू? बठ्ठी गल्ली फिरनी, हात जोडात, बायास्नं ऐकी लिधं. मना दार सोडीसन. घरनी धल्ली, ती कोठे जाई, असंच ना? पारसशेठनी वहू उनी व्हती काल, ती तिकीटवाली हर्षिता. मांगला दारथीन उनी. मना पाय पडनी. घडीभर बठनी. माले ईचारं, आजी, तुमनं नाव काय? कितला सालथीन माले कोनी नाव नई ईचारेल.

कोकिळा : हे तुम्ही मला सांगितलं नाही.

भिकुबाई : तू बी माले ईचारं नई. चाल, मी पडस जराशी.

(भिकुबाई मागच्या खोलीत जाते आणि दार लोटून घेते. कोकिळा मशीन झाकून, पदर सारखा करून, घराला वळसा घालून मागच्या गल्लीतून येते आणि त्या खोलीच्या मागच्या दाराची कडी वाजवते.)

भिकुबाई : कोन शे?

कोकिळा : मी कोकिळा प्रेमराज शिसोदे. अपक्ष उमेदवार आहे या वॉर्डात.

भिकुबाई : काय काम शे?

कोकिळा : मत मागायला आले, भिकुबाई. आणि तुमचं काही म्हणणं असलं तर ऐकायला.

भिकुबाई : ऐकाले टाईम शे का तुमले?

कोकिळा : आहे.

भिकुबाई : मंग या मजार. दार उघडंच शे. ती गोधडी सरकाडा नि त्या खाटवर बठा. ...देखा, बाई, मनं दुसरं काही मांगणं नई. ह्या खोलीना दिवा शे ना, त्यानं बटन तिकडे मोठा घरमा शे, तुमना ओटानी मांगे. रातले तुम्ही आवरीसन निजाले जातस, बटन दाबतस, आनी मी आठे अंधारमा. कधी माळ हातमा ऱ्हास, कधी अर्धी भाकर. हाक मारसू ते तुम्ही झोपी जायेल ऱ्हातस.

कोकिळा : रोज?

भिकुबाई : रोजच.

कोकिळा : मीच बंद करते ते. मला वाटायचं, तुम्ही झोपला असाल.

भिकुबाई : तसंच वाटी ना. ईचाराले कोन येस?

कोकिळा : संध्याकाळपर्यंत वायरमनला बोलावते. बटण इथे घेते, खाटेवरून हात पुरेल असं. मत द्या, नका देऊ.

भिकुबाई : ते करा. मतना मी ईचार करसू.